सॉसेज स्वस्त झाले, पण बीपी-शुगरच्या घरात ते कढईत किती घालायचे?

२२ सप्टेंबर २०२५ पासून सॉसेजवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याच दिवशी नमकीन, नूडल्स, पास्ता यांचाही कर ५ टक्क्यांवर आला आणि बिस्किटांचा १८ वरून थेट ५ वर. बातम्यांमध्ये हे सगळे 'सणासुदीला दिलासा' या मथळ्याखाली आले. तुमच्या घरात कोणाला रक्तदाब, मधुमेह किंवा किडनीचा आजार असेल, तर या दिलाशाचा एक भाग थेट तुमच्या जेवणाच्या ताटात उतरतो. म्हणून त्याबद्दल थोडे बोलू.

सॉसेजचा आणि अड्याळचा काय संबंध, असे तुम्हाला वाटेल. भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव, आजूबाजूला धानाची शेती, रात्रीच्या जेवणात भात-वरण-भाजी. पण नागपूरला नोकरीला असलेली मुले सुट्टीवर घरी येतात तेव्हा पिशवीत चिकन सॉसेजचे गोठवलेले पाकीट असते आणि मोबाइलमध्ये एक व्हिडिओ: एका ट्रेमध्ये चिरलेल्या भाज्या, त्यावर सॉसेजचे तुकडे, थोडे तेल, ओव्हनमध्ये अर्धा तास, जेवण तयार. घरात ओव्हन नसला तरी कढई असतेच. धान कापणीच्या दिवसांत बाई दिवसभर बांधीत राबून संध्याकाळी घरी येते. तिला एका भांड्यात होणारे, पंचवीस मिनिटांत उरकणारे जेवण मिळत असेल, तर ते तिने का करू नये?

करावेच. 'सॉसेज बंद करा' असे चिठ्ठीवर लिहायला आम्हा डॉक्टरांना दोन सेकंद लागतात. पण रात्री आठ वाजता चुलीपाशी उभ्या असलेल्या माणसाला त्याने काही मदत होत नाही. मुळात एका भांड्यातल्या जेवणाची ही कल्पना आरोग्याच्या दृष्टीने चांगली आहे. तेल एकदाच आणि मोजून पडते, भाज्या भरपूर लागतात, तळण नसते. यात कच्चा दुवा एकच, आणि तो म्हणजे सॉसेज. म्हणून कढई तशीच ठेवायची आणि तिच्यातले सॉसेज कमी करायचे किंवा बदलायचे.

कर कमी झाला म्हणजे नेमके काय झाले?

समजा पाकिटाची मूळ किंमत २०० रुपये आहे. पूर्वी करासह ते २२४ रुपयांना पडायचे, आता २१० ला पडेल. म्हणजे फरक साधारण सहा टक्क्यांचा. एवढ्याने कोणी रोज सॉसेज खायला लागणार नाही. पण भाजीच्या दुकानातली वांगी, फुलकोबी, कांदे आणि सुटी ताजी मासळी यांच्यावर जीएसटी आधीपासूनच नव्हता. त्यामुळे त्यांच्या किमतीत या निर्णयाने काहीच बदल झाला नाही. स्वस्त झाले ते पाकीटबंद.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. याच फेररचनेत साखर घातलेल्या थंड पेयांवर ४० टक्के कर ठेवला गेला, तंबाखूही वरच्याच गटात राहिला. म्हणजे जास्त खाल्ल्या-प्यायल्याने तब्येत बिघडते अशा वस्तूंवर कर जास्त ठेवण्याचा विचार आपल्याकडे आहे. तो साखरेपर्यंत पोहोचला, मिठापर्यंत पोहोचलेला नाही. त्याआधी सव्वा वर्ष, ८ मे २०२४ रोजी, आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी सुधारित आहार मार्गदर्शिका काढली होती. तिच्यात दिवसाला मीठ ५ ग्रॅमपेक्षा जास्त नको आणि अतिप्रक्रिया केलेले अन्न कमी करा, असे स्पष्ट सांगितले आहे. एकाच सरकारच्या दोन खात्यांनी ग्राहकाला दोन वेगळ्या दिशा दाखवल्या आहेत. जीएसटी परिषदेचा उद्देश घरखर्च आणि उद्योगांना हातभार लावणे हा होता. तिने सॉसेजला आरोग्याचे प्रमाणपत्र दिलेले नाही. ही गोष्ट दुकानात उभे असताना लक्षात ठेवावी लागेल ती तुम्हालाच.

पाकिटाच्या मागची बाजू

एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाकिटाच्या दर्शनी बाजूवर साखर, मीठ, चरबी यांची माहिती कशी द्यावी याबद्दल तीन महिन्यांत शिफारशी द्या, असे सांगितले होते. ती मुदत पुढे वाढवावी लागली. तेव्हा सध्या तरी पाकीट उलटून वाचण्याची सवय लावून घ्या. मागच्या बाजूला पोषणमूल्यांचा एक तक्ता असतो. त्यात 'सोडियम' ही ओळ शोधा. आकडा दर १०० ग्रॅममागे मिलिग्रॅममध्ये दिलेला असतो. त्याला अडीचने गुणले की तेवढे मिलिग्रॅम मीठ.

उदाहरण घेऊ. तक्त्यात सोडियम ८०० असेल तर १०० ग्रॅम सॉसेजमध्ये २,००० मिलिग्रॅम, म्हणजे २ ग्रॅम मीठ. एक मध्यम सॉसेज साधारण ४० ते ५० ग्रॅमचे असते. तुमच्या वडिलांनी दोन खाल्ले, तर दिवसाच्या ५ ग्रॅममधले २ ग्रॅम एका घासापुरत्या पदार्थातच संपले. भाजीतले मीठ, वरणातले मीठ, लोणचे, पापड यांचा हिशेब अजून व्हायचा आहे. बीपीची गोळी रोज नेमाने घेऊनही वरचा आकडा १५० च्या खाली येत नाही, अशा रुग्णांना मी डोस वाढवण्याआधी ताटात काय काय असते ते विचारतो. बऱ्याचदा मीठ दिसत नाही अशाच जागी लपलेले असते.

तक्त्याच्या खाली घटकांची यादी असते. तिच्यात 'आयएनएस २५०' असे दिसले तर ते सोडियम नायट्राइट. मांस टिकावे, त्यात घातक जंतू वाढू नयेत आणि रंग गुलाबी राहावा म्हणून ते घालतात. 'आयएनएस ४५०' किंवा 'आयएनएस ४५१' दिसले तर ते फॉस्फेट. मांसात पाणी धरून ठेवायला ते वापरतात. निरोगी माणसाला त्याचा फारसा त्रास नाही. पण किडनीच्या रुग्णाला, विशेषतः डायलिसिसवर असलेल्याला, हे फॉस्फेट चांगलेच नडते. डाळीतले किंवा धान्यातले फॉस्फरस शरीर अर्धवटच शोषते, असे बाहेरून घातलेले मात्र जवळजवळ सगळे शोषले जाते. त्यामुळे किडनीच्या रुग्णासाठी माझा सल्ला सरळ आहे: सॉसेज नको, थोडेही नको.

कॅन्सर होतो का?

हा प्रश्न हमखास येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर 'सॉसेज आणि सिगारेट एकाच यादीत' असा निरोप फिरतो म्हणून येतो. त्यातली खरी गोष्ट अशी: ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेले मांस 'गट १' मध्ये टाकले. सॉसेज, हॅम, बेकन, सलामी हे सगळे त्यात येते. गट १ चा अर्थ, यामुळे माणसात कर्करोग होतो याचा पुरावा पक्का आहे. धोका किती मोठा आहे हे गट सांगत नाही. सिगारेट त्याच गटात असली तरी तिचा धोका कितीतरी पट मोठा आहे.

मग सॉसेजचा धोका किती? रोज ५० ग्रॅम, म्हणजे रोज साधारण एक सॉसेज खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्या अहवालातला अंदाज आहे. हे १८ टक्के मूळ धोक्यावरचे आहेत. शंभर जणांतल्या अठरा जणांना कर्करोग होईल, असा त्याचा अर्थ कृपया काढू नका. भारतात या कर्करोगाचे मूळ प्रमाणच पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे. महिन्यातून एकदा सॉसेज खाल्ले म्हणून घाबरून रात्रीची झोप घालवण्याचे कारण नाही. आणि चिकनचे आहे म्हणून निर्धोक, असेही नाही, कारण मीठ आणि नायट्राइट त्यातही असतेच. अड्याळच्या घरात मला कर्करोगापेक्षा मिठाचीच काळजी जास्त वाटते. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांमध्ये उच्च रक्तदाबाचे प्रमाण ३५.५ टक्के आणि मधुमेहाचे ११.४ टक्के आढळले. म्हणजे चार-पाच मोठ्या माणसांच्या घरात एकाला तरी बीपी असण्याची शक्यता बरीच.

मग कढईत काय करायचे?

आपल्याकडे सॉसेजची एक जुनी परंपरा गोव्याची. तिथले चोरिस डुकराच्या मांसाचे, मीठ, व्हिनेगर आणि लाल मिरचीत मुरवून वाळवलेले. खाण्याची तिथली एक जुनी रीत आपल्या कामाची आहे. चोरिसचे दोन-चार मणी फोडून भरपूर कांदा-बटाट्यात परततात, त्याचीच चरबी सुटते, वेगळे तेल घालायची गरज पडत नाही, आणि ते सगळ्या घराने पावाबरोबर खायचे. म्हणजे मांस तिखट-मिठासारखे चवीपुरते, आणि पोट भरते ते बाकीच्या गोष्टींनी. व्हिडिओतल्या ट्रेमध्ये हे प्रमाण उलटे झालेले असते. (चोरिसमध्ये मीठ भरपूर असते, तेव्हा ही शिफारस रीतीची आहे, पदार्थाची नव्हे.)

चार माणसांसाठी दोन सॉसेज पुरे. बोटाच्या पेराएवढ्या जाडीच्या चकत्या केल्या की ते प्रत्येकाच्या घासात येते आणि माणशी मीठ अर्ध्या ग्रॅमवर येते. भाज्या मात्र किलोभर घ्या. आयसीएमआरच्या मार्गदर्शिकेत माणशी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत, त्यातल्या निम्म्याहून जास्त या एका कढईत होऊन जातात.

फुलकोबी, गाजर, वांगी, शिमला मिरची, कांदे घ्या. हिवाळ्यात वालाच्या शेंगा असतील तर उत्तम. भाज्या धुऊन कोरड्या पुसा. ओल्या भाज्या कढईत घातल्या की त्या वाफवल्या जातात, भाजल्या जात नाहीत आणि मग चव येत नाही म्हणून माणूस मसाला आणि मीठ वाढवतो. जाड बुडाची रुंद कढई चांगली तापवा. चार लहान चमचे तेल, चौघांना मिळून. मार्गदर्शिकेत माणशी दिवसाचे तेल २७ ग्रॅम धरले आहे, ते संध्याकाळच्या आत बहुतेक घरांत संपलेले असते. आधी लसूण आणि जिरे, मग फुलकोबी आणि गाजर. पाच-सात मिनिटे मोठ्या आचेवर, सारखे न हलवता. एक बाजू तांबूस झाली की उलटा. मग वांगी, शिमला मिरची, कांदा आणि सॉसेजच्या चकत्या. झाकण न ठेवता आणखी दहा मिनिटे. टमाटर अगदी शेवटी, नाहीतर त्याच्या पाण्याने सगळे मऊ पडते. कढई लहान असेल तर दोन खेपांत करा, गर्दी करू नका. मीठ घालायचे नाही. उतरवल्यावर लिंबू पिळा, हिरवी मिरची आणि भरपूर सांबार चिरून घाला, मग चव घ्या. तरी कमी वाटले तर चिमूटभर. आंबटपणा आला की मिठाची ओढ कमी होते.

मधुमेह असेल तर बटाटा टाळा, किंवा बटाटा घातलाच तर भात त्या प्रमाणात कमी घ्या. ही कढई भातावर घालायची भाजी नव्हे, तिला ताटाचा अर्धा भाग द्या. २०२५ मध्ये आयसीएमआरच्याच पाहणीतून आलेला एक निष्कर्ष आपल्या धानपट्ट्याला तंतोतंत लागू आहे: भारतीयांच्या जेवणातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा भात, पीठ, साखर अशा कर्बोदकांतून येते आणि प्रथिने कमी पडतात. त्यातला थोडासा वाटा डाळी, कडधान्ये, दूध यांच्या प्रथिनांकडे वळवला तर मधुमेहाचा धोका कमी होतो, असे त्यात दिसले.

इथे एक गैरसमज दूर करतो. 'प्रथिने मिळावीत म्हणून मुलांना सॉसेज देतो' असे पालक सांगतात. सॉसेजमध्ये मांसाबरोबर पाणी, चरबी, स्टार्चही असते. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिने मिळतात, शंभर ग्रॅम रोहूमध्ये १७ ग्रॅमच्या आसपास. तलावांच्या आणि वैनगंगेच्या या जिल्ह्यात ताजी मासळी सोडून गोठवलेल्या पाकिटातून प्रथिने शोधणे म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा.

म्हणून आठवड्यातल्या बाकी दिवशी याच कढईत बदल करा. भाज्या तांबूस झाल्यावर मध्ये जागा करून चार अंडी फोडा, झाकण ठेवा, पिवळा भाग घट्ट होऊ द्या. किंवा हळद-लिंबू लावलेले रोहूचे तुकडे आधी दोन्ही बाजूंनी शेकून बाजूला काढा आणि शेवटी परत घाला. शाकाहारी घरात भिजवून उकडलेले हरभरे, पनीर किंवा गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळलेले सोयाबीनचे वडे.

मुलांना सॉसेजच हवे असेल तर त्याचाही मार्ग आहे. पाव किलो चिकनचा खिमा, ठेचलेला लसूण, जिरेपूड, मिरची आणि अर्धा लहान चमचा मीठ एकत्र मळून बोटाएवढ्या लांबट गुंडाळ्या करा आणि भाज्यांच्या आधी त्याच कढईत शेकून घ्या. चौघांत मिळून तेवढेच मीठ, नायट्राइट नाही, फॉस्फेट नाही. फक्त खिमा आतपर्यंत शिजला पाहिजे. अख्ख्या मांसात जंतू बहुतेक वरच्या पृष्ठभागावर असतात, बारीक केल्यावर ते आत मिसळतात. एक गुंडाळी मोडून पाहा. मधोमध गुलाबी दिसली किंवा लालसर पाणी आले तर अजून शेका.

पाकिटातल्या सॉसेजला मात्र ही परीक्षा लागू पडत नाही. नायट्राइटमुळे ते पूर्ण शिजल्यावरही गुलाबीच दिसते. तिथे मधून वाफ येते का, तुकडा आतपर्यंत चटका बसेल इतका गरम आहे का, हे पाहायचे. 'आधीच शिजवलेले' असे पाकिटावर लिहिलेले असले तरी थंड खाऊ नका. गरोदर स्त्रिया, वयस्क माणसे, केमोथेरपी किंवा स्टिरॉइड घेणारे रुग्ण यांच्यासाठी हे फार महत्त्वाचे. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि गरोदरपणात त्याने गर्भपात होऊ शकतो.

आणि नागपूर ते अड्याळ हा प्रवास. गोठवलेले पाकीट बर्फाशिवाय एसटीत दोन-तीन तास राहिले, त्यात एप्रिल-मे महिना असला, तर ते घरी पोहोचेपर्यंत वितळून कोमट झालेले असते. बाहेरचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर असे मांस एका तासापेक्षा जास्त वेळ उघड्यावर राहणे धोक्याचे. वास येत नाही म्हणजे चांगले आहे असे समजू नका, पोट बिघडवणाऱ्या बऱ्याच जंतूंना वास नसतो. नुसते वितळले असेल पण अजून गार असेल, तर त्याच रात्री शिजवून संपवा. पुन्हा गोठवायला ठेवू नका. वीज बराच वेळ गेली असेल तेव्हाही हाच नियम. कोमट झालेले पाकीट टाकून देताना जीव तुटतो, मान्य आहे. पण जुलाब-उलट्यांनी शरीरातले पाणी कमी झाले आणि घरातली व्यक्ती बीपीच्या किंवा शुगरच्या गोळ्यांवर असली, तर किडनीवर ताण यायला दोन दिवसही लागत नाहीत. असे झाल्यास ओआरएस सुरू करा आणि गोळ्यांचे काय करायचे ते डॉक्टरांना विचारून ठरवा. लघवी कमी झाली, चक्कर आली किंवा पाणीही पोटात ठरेना, तर सकाळची वाट न पाहता ग्रामीण रुग्णालय गाठा.

पुढच्या वेळी बीपी तपासायला याल तेव्हा एक करा. घरात आठवडाभरात जी पाकिटे उघडली, मग ते सॉसेज असो, नमकीन असो की नूडल्स, त्यांच्या मागच्या तक्त्याचे मोबाइलवर फोटो काढून आणा. गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर तेही दाखवा. मी ते पाहूनच डोसचे ठरवीन.